फेरफार

ग्रिम्सबीच्या गोदीत सकाळी सातला लिलाव सुरू होतो.
बर्फात पुरलेला हॅडॉक, पेटीवर वजन, वजनावर भाव,
आणि ते वजन खरं की खोटं
हे आमच्या कोडच्या एका ओळीवर.

गेल्या मंगळवारी एकशे चाळीस पेट्या
बर्फासकट विकल्या गेल्या.
लोकांनी पाण्याला माशाचा भाव दिला.
आमच्याकडे हे दुधात करतात, मी म्हणाले.
कुणी हसलं नाही.

शॉनाने भिंतीवरच्या पडद्यावर ब्लेम उघडलं.
कमांडचं नावच ते.
ज्याने ठेवलं त्याने एकत्र कुटुंबात दिवस काढले असावेत.
प्रत्येक ओळीशेजारी नाव, तारीख, मिनिटासकट वेळ.
त्या ओळीशेजारी: क्लाइव्ह ब्लँचर्ड, रात्री दोन एकावन्न.

क्लाइव्ह मार्चमध्ये निवृत्त झाला,
आता क्लीथॉर्प्सच्या वाळूत कुत्रा फिरवतो.
त्याच्या कमिटवरचे निरोप असे:
दुरुस्ती.
दुरुस्तीची दुरुस्ती.
आता तरी.
घरी जातो.
आता सगळे हसले.
हजर नसलेला माणूस हसायला स्वस्त पडतो.

संध्याकाळी मी मागे राहिले
आणि खाली उतरत गेले, कमिटमागून कमिट.
इथे काही मरत नाही, हे एक बरं आहे.
तीन वर्षांपूर्वीचा गुरुवार मागा, जसाच्या तसा मिळतो.
आधी काय होतं?
फायनल, फायनल दोन, खरंच फायनल,
फायनल क्लाइव्हने हात लावू नये.
आणि शुक्रवारी कुणीतरी घाईत
दुसऱ्याच्या आठवड्यावर आपला आठवडा सेव्ह करायचं.

काही मरत नाही, हेच वाईटही आहे.
कुणी पहिल्याच दिवशी चुकून टाकलेला पासवर्ड
दुसऱ्या दिवशी काढला, तरी तळाशी आहेच,
विहिरीत पडलेल्या तांब्यासारखा.
गळ टाकेल त्याचा.

मग सापडलं.
क्लाइव्हने ती चूक पंधरवड्यातच सुधारली होती,
दुसऱ्या ब्रँचवर:
बर्फ वजा केला. माफ करा.
पुढे दोन ब्रँच एकत्र आणताना भांडण लागलं.
यंत्राने विचारलं, हे ठेवू की ते?
आणि पाच चाळीसची बस गाठायची म्हणून
कुणीतरी जुनी ओळ ठेवली, नवी टाकली.
जुन्या ओळीवर नाव जुनंच राहतं.
ठेवणाऱ्याचं येतं मर्जच्या नोंदीवर,
जिथे सहसा कुणी बघत नाही.

तिथे माझं नाव होतं.

माझे वडील चाळीसगाव तालुक्यात तलाठी होते.
सातबाऱ्यावरची खाडाखोड त्यांना खपायची नाही.
जुनं नाव पुसायचं नसतं, म्हणायचे,
कंसात घालायचं, बाजूला फेरफाराचा नंबर.
कंसातला माणूस जमिनीवर नसतो,
कागदावर असतो.

माझ्याकडे परवानगी आहे.
इतिहास नव्याने लिहून वर ढकलायची कमांड आहे,
जिच्या नावातच जबरदस्ती आहे.
मी ती टाइप केली. पूर्ण.
खिडकीबाहेर एक सीगल
रिकाम्या पेटीत डोकं घालून उभा होता.
चहा गार झाला.

मग खोडली, एकेक अक्षर.
बॅकस्पेसची नोंद कुठेच होत नाही.

क्लाइव्हची ओळ परत आणली
आणि निरोप लिहिला, मराठीतच:
बर्फ वजा केला. मर्ज मी केला होता.

सकाळी शॉना म्हणाली, वजनं बरोबर येताहेत, छान.
पण हे काय लिहिलंयस, सांग तरी.
खाली लिलावाची घंटा झाली.
मी पहिलं वाक्य सांगितलं.

दुसरं तिथेच आहे.
मिनिटासकट.